एका होडीवर दोन तांडेल

माझ्या तोंडात तीळ भिजत नाय, हे मिरकरवाड्यात कुणालाही विचारा. मासळी विकणारी बाई गप्प बसली तर तिच्या टोपलीकडे बघेल कोण? पण यंदा मासेमारीच्या पावसाळी बंदीत एक प्रश्न मी पोटात घेऊन फिरले, आणि नेमका तोच विचारायला हवा होता. माझ्या सुनेला विचारायचं होतं, की बाय, तुला या घरात राहायचंय की पुण्याला जायचंय. विचारायची हिंमत झाली नाय, कारण उत्तराची भीती वाटायची.

सून म्हणजे वेदिका, अलोऱ्याची. बाप तिथल्या कोयनेच्या वीज प्रकल्पाच्या कॉलनीत नोकरीला, कॉलेज चिपळूणला झालेलं. माझ्या लेकाने, सोहमने तिला पसंत केलंन तेव्हा मीच नाक मुरडलं होतं. म्हटलं, कॉलनीतली पोर, बोंबलाच्या वासाने पहिल्याच दिवशी माहेरची वाट धरील. कसली धरते! कोलंबी सोलायला बसली, बोटं टोचून घेतलीन, पण टोपली संपेपर्यंत उठली नाय. मला ती तेव्हाच आवडली. तोंडावर सांगितलं नाय, सुनेला फार चढवून ठेवू नये म्हणून.

तिची नोकरी लॅपटॉपवरची. पुण्यातली कुरिअर कंपनी आहे. लोक फोन करतात, माझं पार्सल कुठे अडकलं, फुटकं का आलं, आणि ही कानाला हेडफोन लावून त्यांची समजूत घालते. मी दिवसभर गिऱ्हाइकांशी भांडते आणि ही दिवसभर गिऱ्हाइकांची माफी मागते, म्हणजे घरात दोन्हीची सोय झाली. पण कंपनीची एक अट होती. जुलैअखेरपर्यंत घरून काम नीट चाललं, फोन मध्येच तुटले नाहीत, तर कायमचं घरून काम. नाय तर पुण्याच्या ऑफिसात येऊन बसायचं. आता ती पुण्यात आणि सोहम दर्यावर, तर त्यांचा संसार व्हायचा कुठे, कराडच्या एसटी स्टँडवर? मला या विचाराने घास गिळवत नव्हता.

आमचे हे, म्हणजे आप्पा. सगळी वाडी त्यांना आप्पाच म्हणते, आता मीपण म्हणते. उभा जन्म बोटीवर तांडेल म्हणून, म्हणजे बोटीचा कप्तान म्हणून काढला. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हापासून बोट सोहम चालवतो. आप्पा घरी बसले, पण बसले म्हणजे काय, कुरकुरत बसले. बाजारात चला म्हटलं तर गुडघे दुखतात. माळ्याची शिडी चढायला मात्र दुखत नाहीत. बंदी लागली की बोटीवरची यंत्रं घरी येतात, जीपीएस, मासे दाखवणारा डबा, बॅटऱ्या, सगळं. खाऱ्या दमट हवेत ती बंद पडून राहिली तर आत बुरशी धरते. म्हणून रोज थोडा वेळ चालू करून त्यांना ऊब द्यायची, ही आमच्या वाडीची रीत. न्याहारी झाली की आप्पा माळ्यावर. तिथे त्यांचा कुणी बाप नाय. यंत्रांना मी बोट लावलेलं त्यांना खपत नाय, सोहमने लावलेलंही नाय.

तर झालं असं, की बंदी लागली आणि वेदिकाचं नेट रुसलं. सकाळी ती कामाला बसली की थोड्या वेळात तिचा चेहरा पडायचा. पडद्यावर ते गोल गोल फिरायला लागायचं, समोरचं माणूस अर्ध्या वाक्यात मुकं व्हायचं. नंतर आपोआप सगळं सुरळीत. दुपारी चांगलं, संध्याकाळी चांगलं, सकाळी मेलं ठरल्यासारखं जायचं. नेटवाल्याला बोलावलं तर तो आला दुपारचा. तेव्हा सगळं झकास. म्हणाला, वहिनी, लाइन एकदम ओके आहे, आणि चहा पिऊन गेला.

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. म्हटलं, नेटवाला सांगतो ओके, आणि हिचं रोज तुटतं. हिला पुण्यालाच तर जायचं नसेल ना? नेट आपलं निमित्त. हे मी आप्पांना बोलून दाखवलं तर ते म्हणाले, तुला मासळीच्या डोळ्यात बघून ताजी-शिळी कळते, माणसाच्या डोळ्यात कधी बघशील? मला राग आला. मी त्यांना त्या दिवशी तिखट कालवण वाढलं.

वेदिकाने आधी घरातल्या वस्तूंवर संशय घेतलान. वायफाय म्हणजे हवेतून जाणारी लाट, तिला दुसरं काही आडवं येत असेल, असं तिचं म्हणणं. राउटर फ्रिजच्या डोक्यावर होता तो तिने उचलून खिडकीशी ठेवलान. मग माझ्याकडे बघत हळूच म्हणाली, आई, उद्या सकाळी मिक्सर नको लावूया का. झालं! म्हणजे मी वाटण वाटते म्हणून पुण्याची कंपनी बंद पडते? मी मिक्सर झाकून ठेवला. दुसऱ्या दिवसापासून पाटा-वरवंटा काढला आणि खोबरं असं घसाघसा वाटलं, की शेजारी कळावं. नेट तरीही गेलं. मिक्सर बिचारा निर्दोष सुटला, पण माझे खांदे धरले ते धरलेच.

मग सोहमने त्याचा मित्र रितेश आणला. रितेश कॉम्प्युटर दुरुस्त करतो. पोरगा गुणी, फक्त घाई फार. लॅपटॉप उघडतो न उघडतो तोच म्हणाला, व्हायरस असणार. आणि कसलं तरी फायरवॉल टाकून गेला, फुकटचं. वेदिकाने मला समजावून सांगितलंन, फायरवॉल म्हणजे लॅपटॉपच्या दारातला राखणदार, कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला नाय ते तो ठरवतो. मी म्हटलं, छान, राखण हवीच. पण दुसऱ्या दिवशी ऑफिसचं दारच उघडेना. आधी निदान सकाळपुरतं जायचं, आता दिवसभर गेलं. वेदिका डोळ्यात पाणी आणून बसली आणि मी रितेशच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

पण पोर चिवट. रडून झालं तशी तोंड धुऊन बसली. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्याला फोन लावलान आणि तो सांगेल तसं एकेक करत गेली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग बघायचं, मग दुसरी. आप्पा बाजूला बसून ऐकत होते. ते म्हणाले, बोट गळते तेव्हा असंच करतात, सगळ्या फळ्या एकदम उपसल्या तर पाणी कुठून येतं ते कसं कळणार. शेवटी निघालं काय, तर लॅपटॉपमध्ये एक राखणदार जन्मापासून होताच. रितेशने त्याच्या शेजारी दुसरा बसवलान. ऑफिसचा प्रोग्राम एकाने आत सोडला की दुसरा त्याला हाकलणार.

मी म्हटलं, म्हणजे एका होडीवर दोन तांडेल. एक म्हणतो डावीकडे, दुसरा म्हणतो उजवीकडे, आणि बोट खडकावर.

वेदिका इतकी हसली, की फोनवरच्या माणसालाही तिने ते सांगितलंन. मग रितेशचा तांडेल मुळासकट काढून टाकलान. नुसता झोपवून भागत नाय म्हणे, घराबाहेरच काढावा लागतो. जुन्याला सांगितलंन, की ऑफिसचा प्रोग्राम आपला आहे, त्याला अडवू नकोस. लॅपटॉप बंद करून परत लावला आणि दार उघडलं. मी तिला गरम भाकरी आणि सुक्या बांगड्याची चटणी दिली. तिने लॅपटॉपसमोरच खाल्लंन, आणि एरवी मी ओरडले असते ते ओरडले नाय.

दुसऱ्या दिवशी न्याहारी झाली, आप्पा माळ्यावर गेले, आणि थोड्या वेळाने नेट परत गेलं. दोन दुखणी एकात एक गुंतली होती, त्यातलं एकच बरं झालं होतं. वेदिका उठली. मोबाइलवर कसलीशी खूण बघत घरभर फिरली, ओटीवरून स्वयंपाकघर, तिथून मागची पडवी, मग शिडीपाशी येऊन उभी राहिली आणि वर गेली. बऱ्याच वेळाने खाली आली. मी विचारलं, सापडलं काय? म्हणाली, बघते.

त्यानंतर तिची तक्रार बंद झाली. मला वाटलं, मिटलं एकदाचं. मी सकाळी सुकी मासळी घेऊन बाजारात जाते, घरी काय चाललंय ते कुठे दिसतंय. एके दिवशी समोरच्या गल्लीतल्या हौसाने गाठलंन. म्हणाली, शकू, घरात काय भांडणबिंडण झालंय काय गो? तुझी सून रोज सकाळी लॅपटॉप घेऊन माझ्या पडवीत येऊन बसते.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतःचं घर असताना लोकांच्या पडवीत! वाडी काय म्हणेल, सासूने बाहेर काढली? टोपली तिथेच टाकली आणि तरातरा हौसाच्या घरी गेले. वेदिका कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. तिथे मोबाइलचं नेट चांगलं चालतं, आमच्या घरात भिंतींपलीकडून येत नाय. ती कुणाची तरी माफी मागत होती. तिचा फोन संपेपर्यंत मी थांबले, एवढं मात्र केलं.

मी तोंड उघडायच्या आधीच ती म्हणाली, "आई, आप्पांना सांगू नका."

मग तिने जे सांगितलंन ते असं. आमच्या बोटीच्या मागच्या टोकाला एक कॅमेरा आहे आणि केबिनमध्ये त्याचा छोटा पडदा. जाळं ओढताना मागे काय चाललंय ते तांडेलाला बसल्या जागी दिसतं. मधे वायर नाय, चित्र हवेतून येतं. ते ज्या लाटेवरून येतं त्याच लाटेवरून आमचं वायफाय चालतं, आणि कॅमेऱ्याचा जोर मोठा. आप्पा माळ्यावर कॅमेऱ्याला ऊब देत बसले, की खाली वेदिकाचं नेट गुदमरतं. बोट दर्यावर असते तेव्हा काही प्रश्न नसतो. बंदीतच कॅमेरा घरी येतो, म्हणून बंदीतच हे सुरू झालं.

मी म्हटलं, मग त्या दिवशी वर गेलीस तेव्हाच सांगायचं नाय काय.

"सांगायलाच गेले होते," ती म्हणाली. "आप्पा जुन्या धोतराच्या तुकड्याने कॅमेऱ्याची काच पुसत होते. मला बसवून घेतलं, सगळं दाखवलं. म्हणाले, गुडघे गेले, बोट गेली, आता बोटीचं एवढंच काम माझ्याकडे उरलंय. आई, तेवढंही मी कसं काढून घेऊ?"

मी भांडायला आले होते, ती पायरीवर बसले. हौसाने पाणी आणून दिलंन. माझ्या नवऱ्याचं मन राखायला ही पोर लोकांच्या पडवीत पावसाची झड अंगावर घेत बसत होती, आणि मी तिच्यावर संशय घेत होते. लाज वाटली. पण पुढचं त्याहून अवघड होतं. येत्या शुक्रवारी सकाळी तिच्या साहेबांचा व्हिडिओ कॉल होता, कायमचं घरून काम द्यायचं की नाय ते ठरवणारा. त्यात ती घरात कुठे बसून काम करते तेही ते बघणार. लोकांची नावं, पत्ते, फोन नंबर असतात, म्हणून काम स्वतःच्या घरातच व्हायला हवं असा नियम. हौसाची पडवी दाखवून चालणार नव्हतं. मी तिला वचन दिलं, की आप्पांना चकार शब्द बोलणार नाय.

ते वचन गल्ली ओलांडेपर्यंत टिकलं. आप्पा ओटीवर सुपारी कातरत होते. मी सरळ म्हटलं, "तुमचा कॅमेरा पोरीची नोकरी खातोय." आणि सगळं ओकून मोकळी झाले, धोतराच्या तुकड्यासकट.

आप्पांनी सुपारी डब्यात टाकली. अडकित्ता खाली ठेवला आणि शिडी चढून वर गेले. मला वाटलं, केलं मी वाटोळं. आता हा माणूस चार दिवस जेवणार नाय आणि वेदिका माझं तोंड बघणार नाय. तेवढ्यात ती आलीच घरी. माझा चेहरा बघून तिला सगळं कळलं. आम्ही दोघी शिडीखाली गुन्हेगारासारख्या उभ्या राहिलो.

वरून आप्पांचा आवाज आला, दर्यावरचा, बऱ्याच दिवसांनी ऐकलेला. लॅपटॉप लाव, म्हणाले, आणि काय दिसतं ते ओरडून सांग. मग ते वरून हाकारायचे, लावला! खालून ही सांगायची, गेलं! ते म्हणायचे, बंद! ही म्हणायची, आलं! असं कितीतरी वेळ चाललं. कॅमेऱ्याला मागे एक बटण आहे, त्याने चॅनेल बदलतो. तेही सगळे लावून बघितले. एकावर जरा बरं, पण पुरतं बरं कशावरच नाय. शेजारच्यांना वाटलं असेल, आमच्या माळ्यावर जाळं ओढतायत. सोहम घरी आला तो हा तमाशा बघून दारातच हसत बसला.

आप्पा खाली उतरले ते घामाने भिजलेले, आणि चेहरा असा, की भर हंगामात बोट भरून आल्यावर असतो. म्हणाले, बोटीवरच्या वायरलेसवर एका चॅनेलवर दोघं एकदम बोलले की कुणाचंच ऐकू येत नाय, हे मी सगळ्या खलाशांना शिकवलं आणि स्वतःच्या घरात विसरलो. मग वेदिकाकडे वळून जरा घुश्शातच म्हणाले, "पोरी, तांडेलाला खडक दिसला नाय तर खलाशाने सांगायचा असतो. मन राखत बसलं तर बोट बुडते." ती मान खाली घालून हो म्हणाली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. कॅमेऱ्याला ऊब आता तिचं काम सुटल्यावर संध्याकाळी मिळेल, असं तिथल्या तिथे ठरलं. एवढं सोपं होतं. आम्ही सगळे एकमेकांना जपण्यात सगळा पावसाळा घालवत होतो.

शुक्रवारी आप्पांनी घराची तांडेलकी हातात घेतली. फ्रिज आणि राउटर सोडून घरातली सगळी बटणं बंद. मिक्सरची वायर काढून त्यांनी खिशात घातली. मी म्हटलं, त्याचा काय संबंध, तो निर्दोष सुटलाय. म्हणाले, आजच्या दिवस नको. मग दारात खुर्ची टाकून बसले, येईल त्याला ओठावर बोट ठेवून परत पाठवत. रितेश क्षमा मागायला आला होता, त्यालाही पायरीवरून माघारी धाडलंनी. लॅपटॉपला एक राखणदार आणि दाराला एक. या वेळी दोघांचं जमलं.

मी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होते, म्हणजे कान लावून बसले होते. कॉल एकदाही तुटला नाय. तिने हेडफोन लावला नव्हता, म्हणून साहेबही ऐकू येत होते, चांगल्या आवाजाचा माणूस. म्हणाला, काम उत्तम आहे, घरून कायमचं करायला हरकत नाही. माझा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच पुढे म्हणाला, पण पुण्याच्या ऑफिसात वरची जागा रिकामी आहे, तुमच्यासारखीच मुलगी हवी होती, तुम्ही इकडे याल का? मी तांदळात हात तसाच धरून बसले. वेदिका म्हणाली, विचार करून सांगते.

विचार करून! म्हणजे माझा तोच प्रश्न परत उभा. सगळ्यांनी पेढे खाल्ले, मीही खाल्ला, गोड लागला नाय. विचारावं तर कोणत्या तोंडाने? पोरीची बढती, शिकलेली पोर, तिने का म्हणून आमच्यापायी वाडीत अडकायचं? आणि नाय विचारावं तर झोप कुठे लागतेय. सोहमला आडून विचारलं तर म्हणाला, आई, ते तिचं ती ठरवेल. मेला बायकोचा बैल. तसा मनातून मला तो तेव्हा आवडला.

बंदी उठायला आली. नारळी पौर्णिमेच्या आधी यंत्रं परत बोटीवर चढवायची म्हणून आप्पा एकेक वस्तू माळ्यावरून खाली देत होते. सोहमने बॅटऱ्या उचलल्या आणि बंदराकडे गेला. वेदिकाची सुट्टी होती, ती शिडीखाली उभी राहून जीपीएसच्या वायरी गुंडाळत होती. शेवटी आप्पा कॅमेरा घेऊन स्वतः उतरले, फडक्यात गुंडाळलेला, तान्ह्या पोरासारखा.

वेदिका म्हणाली, "आप्पा, पुढच्या पावसाळ्यात हा माळ्यावर नको. तुमचे गुडघे दुखतात. मागच्या पडवीत फळी मारून घेऊ, तिथे बोर्ड बसवायला मी सोहमला सांगितलंय. संध्याकाळी मीपण येत जाईन तुमच्याबरोबर."

पुढच्या पावसाळ्यात. मी भरलेली टोपली खाली ठेवली. इतके दिवस जे गिळून बसले होते ते एकदाचं तोंडातून पडलं. म्हटलं, आणि गो, पुणं?

तिने वायरीवरून मान वर केलीन, जणू मी कालची शिळी बातमी विचारली. म्हणाली, ते तर मी सोमवारीच नको म्हणून कळवलं, आई. मला वाटलं सोहमने सांगितलं असेल. आणि परत वायर गुंडाळायला लागली.

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाय. म्हटलं, तू गेली असतीस तर मला या घरात करमलं नसतं, आज सांगून टाकते, पण फार चढून जाऊ नकोस. ती पुढे होऊन माझ्या गळ्यात पडली, वायरीसकट. आप्पा आमच्याकडे बघत तसेच शिडीशी उभे होते. मग त्यांनी फडकं सोडलं, कॅमेऱ्याच्या काचेवर एकदा फुंकर मारली, आणि तो वेदिकाच्या हातात दिला. म्हणाले, चल बोटीवर, कुठे बसवतात ते तुला दाखवतो.

दोघं गल्लीतून बंदराकडे गेले. सून पुढे, दोन्ही हातांत कॅमेरा धरून, आणि मागून आप्पा, गुडघे सांभाळत, जपून धर, जपून धर, म्हणत. मला अजूनही आप्पा त्याला बोट लावू देत नायत.